शब्द टाकणे

गुरुवारी पावणेसातला शॅनन नदी अजून काळीच असते.
हॉटेलच्या मागच्या खोलीत आम्ही एकवीसजण,
समोर अंडी निवत चाललेली,
एकेकाने उठून चाळीस सेकंदांत सांगायचं
आपण कोण,
आणि आपल्यासाठी कुणापाशी शब्द टाकावा.

मॅलकी टूही छपरं शाकारतो.
"ज्याच्या घरात बादली मांडलीय, त्याला माझा नंबर द्या."
नोरीन कलहेन, फुलं:
"लग्न, मयत, आणि विसरलेले वाढदिवस."
कानाची यंत्रं विकणारा कोनल दरवेळी तोच विनोद करतो,
आम्ही दरवेळी "काय म्हणालास?" विचारतो.

मी फिंटन कोकली. कुलपं.
सांगून होतं.
उरलेले सदतीस सेकंद मी बसून काढतो.

काम मिळवून दिलं की पिवळी चिठ्ठी लिहायची:
कुणाचं घर, कोणता नंबर, गिऱ्हाईक पक्कं की कच्चं.
या वर्षी माझ्या नावावर अकरा आल्या.
त्यातल्या आठ ब्रीड हॅनरहनच्या.

ब्रीड वकील आहे. घटस्फोट.
अक्षर बारीक, ताठ,
आणि खाली एवढंच: शुक्रवारच्या आत.

मी जातो. दार उघडणारी बाई
आधी माझ्या मागे रस्त्यावर बघते,
मग मला.
कुलपाचा जुना गाभा काढायचा, नवा बसवायचा, वीस मिनिटं.
चहा येतो, फार गोड,
बोलता बोलता तिने साखर दोनदा घातलेली असते.
दाराशी कधी मोठ्या मापाचे बूट असतात अजून.
मी ते ओलांडतो. सरकवत नाही.

पण नुसतं घेऊन चालत नाही, द्यावंही लागतं.
म्हणून स्क्रू पिळता पिळता मी वर बघतो.
जिन्यावर ओल उतरलीय:
टूहीला चिठ्ठी.
खोली रिकामी झालीय, भिंतीवर कपाटाएवढा उजळ चौकोन:
रंगाऱ्याला चिठ्ठी.
कुणाचं मोडतं आणि आमचं घडतं.
एकदा हे मी ब्रीडला बोलून दाखवलं, पार्किंगमध्ये, पावसात.
ती म्हणाली, "त्या रात्री ती बाई झोपते, फिंटन.
तेवढं धर."

नोव्हेंबरात एक चिठ्ठी आली.
तेच अक्षर. पत्ता एनिस रोडचा.
नावाची जागा कोरी.
शुक्रवारच्या आत.
मी टेबलापलीकडे पाहिलं.
ती सॉसेजचे तुकडे करत होती,
तुकड्यांचे पुन्हा तुकडे,
लहान मुलासाठी करावेत तसे.

गेलो.
तिने आधी माझ्या मागे रस्त्यावर बघितलं.
मग मला.

जुन्या किल्ल्या तिने टेबलावर मांडल्या होत्या, चार.
एक इतकी ताजी की कडेला हाताला धार लागत होती.
ती माझ्याकडची नव्हती.
कुणी करून घेतली, कुणासाठी,
मी विचारलं नाही.
चहा प्यायलो. गोड होता.
काम संपेपर्यंत नजर कुलपावर ठेवली.

पुढच्या गुरुवारी आभाराची फेरी.
उभं राहून सांगायचं: कुणामुळे, किती युरोंचं काम.
ज्याला आभार मानायला कुणी नाही
त्याने पत्र्याच्या डब्यात दोन युरो टाकायचे.

माझी पाळी आली.
"या आठवड्यात काही नाही," मी म्हणालो.
सेक्रेटरीने डबा पुढे केला.
नाणं टाकलं. डबा रिकामा होता,
आवाज जरा जास्तच झाला.

नंतर ब्रीड उठली.
स्वतःबद्दल तिने काही सांगितलं नाही.
म्हणाली, "कुलूप बदलायचं असेल तर फिंटनला बोलवा.
तो घरात आला की छताकडे बघत नाही."

कुणाला काही कळलं नाही.
टूही तेवढा अंड्यावर मीठ भुरभुरवत म्हणाला,
"अरे, मग माझं कसं व्हायचं?"